ससेभाऊंचं कोपर

स्टेडियमच्या गौरव दालनात शिरलं की समोरची सगळी भिंत एकाच फोटोने व्यापलेली आहे. फोटोत विक्रमवीर धावताहेत. मान ताठ, नजर वाघाची, कपाळावर घाम. खरं तर असा फोटो शेवटच्या रेषेवरचा असायला हवा. पण नेमक्या त्या क्षणी फोटोग्राफरच्या पुढे कोणीतरी उत्साहाने छत्री उघडली, म्हणून मधल्याच कुठल्यातरी फेरीतला हा फोटो इतिहास होऊन बसला. त्याच्या उजव्या कडेला, चौकटीच्या अगदी काठाशी, एक कोपर आहे. नुसतं कोपर. पुढचा माणूस कापलेला.

ते कोपर ससेभाऊंचं.

दालनाची किल्ली ससेभाऊंकडेच असते, त्यामुळे शाळेच्या सहली आल्या की दार उघडायला तेच जातात. मुलं विक्रमवीरांचा बूट बघतात, विक्रमवीरांचा बनियन बघतात, विक्रमवीर ज्यातून दूध प्यायचे तो पेला बघतात. सगळं बघून झाल्यावर ससेभाऊ घसा खाकरून म्हणतात, "आणि हे... म्हणजे तसं काही नाही, पण हे कोपर..." तेवढ्यात बाई रांग लावायला सांगतात आणि वाक्य हवेत राहतं.

त्यांची सगळीच वाक्यं हवेत राहतात. "हे बोलायला लागले की मी भाजी चिरायला घेते," त्यांची बायको शेजारणीला सांगायची. "भाजी शिजून उतरते, वाक्य अजून कच्चंच."

ससेभाऊ हे काही आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते क्लबने दिलेलं. लांब पल्ल्याच्या शर्यतीत विक्रम करायचा असेल तर धावणाऱ्याच्या पुढे एक माणूस लागतो. त्याने वारा स्वतःच्या छातीवर घ्यायचा, वेग बांधून द्यायचा, आणि शेवटची फेरी लागायच्या आत मुकाट्याने बाजूला व्हायचं. मागचा मग राखून ठेवलेल्या दमाने सुसाट निघतो आणि टाळ्या घेतो. ह्या पुढच्या माणसाला म्हणतात ससा. गोष्टीतला ससा निदान झोपला म्हणून हरला. हा ससा टक्क जागा राहून हरतो, आणि वर त्याला शाबासकी मिळते की काय सुंदर हरलास!

विक्रमवीरांच्या उमेदीच्या सगळ्या वर्षांत ससेभाऊ त्यांचे ससे होते. दोघे एकाच वयाचे, एकाच मैदानावर वाढलेले. जुन्या माणसांपैकी काहीजण दबक्या आवाजात म्हणायचे की पहिल्यांदा दोघांची शर्यत लावली असती तर काय झालं असतं ते सांगता येत नाही. पण ती लागलीच नाही. दरवर्षी विक्रमवीर ससेभाऊंच्या खांद्यावर हात टाकून म्हणायचे, "यंदा माझ्यासाठी पळ, पुढच्या वर्षी तुझी शर्यत." आणि ससेभाऊ पुढच्या वर्षाची वाट बघत राहिले. गाजर दाखवून गाढव चालवतात हे सर्वांना ठाऊक आहे. इथे सशालाच दाखवलं होतं, म्हणून कोणाला खटकलं नाही.

विक्रम झाला. मिरवणूक निघाली. विक्रमवीर क्लबचे अध्यक्ष झाले, त्यांच्या नावाचा चौक झाला, भाषणं द्यायला त्यांना गाडी येऊ लागली. भाषण एकच. "मी एकटा होतो. समोर फक्त वारा होता." ससेभाऊ मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवायचे. त्यांना त्याच क्लबात सामानघर सांभाळायची नोकरी लागली. अडथळ्यांच्या चौकटी मोजायच्या, गोळे पुसायचे, मैदानावर चुन्याच्या पांढऱ्या रेघा मारायच्या. शर्यत जिथे संपते ती रेघसुद्धा तेच मारतात. पट्टी लावून, जमिनीवर गुडघे टेकून, अगदी एकसंध. आणि जन्मात एकदाही शर्यत पुरी करून ती ओलांडलेली नाही.

हा धंदा पायांतून अंगात कसा भिनतो ते लग्न करून आलेल्या बाईला कळतं. तिचं नाव क्लबने परस्पर ससेवहिनी करून टाकलं. ती पदवीधर, दातांच्या दवाखान्यात काम करणारी, माहेरी कोणाचं ऐकून न घेणारी. लग्नात विक्रमवीरांनी आहेर म्हणून स्वतःचाच चौकटीतला फोटो दिला, तेव्हाच खरं तर तिने ओळखायला हवं होतं. पुढे हळूहळू कळत गेलं. नवरा चहा पाऊण कप पितो आणि उठतो. ताटात शेवटचे दोन घास राहतात. घराला रंग द्यायला घेतला तर तीन भिंती पिवळ्या झाल्या आणि चौथी आजतागायत जुनी निळीच आहे. पाहुण्यांना वाटतं हौसेने केलंय. नळ दुरुस्त करताना शेवटचा आटा पिळायचा राहतो. कुलूप लावताना शेवटचा वेढा राहतो. एकदा जिन्यावरून उतरताना शेवटची पायरी राहिली आणि पाय प्लास्टरमध्ये गेला.

"अहो, एवढं केलंत तर तेवढं का नाही?" ती विचारायची.

"तसं नाही गं," ससेभाऊ म्हणायचे, "आता करणारच होतो, पण..."

आणि बाजूला व्हायचे. मागून कोणीतरी येऊन पुरं करील अशा खात्रीने. घरात मागून येणारी ती एकटीच होती.

विक्रमवीरांबद्दल साऱ्या गावाला आदर होता. ससेवहिनींना नव्हता, आणि त्याला कारण दवाखाना. साऱ्या गावाने त्या माणसाची छाती बघितली होती, हिने त्याची दाढ बघितली होती. खुर्चीत बसण्याआधी ते दर वेळी डॉक्टरीणबाईंना सांगायचे की वेदना ही मनाची कल्पना आहे, धावपटूला ती नसतेच. खुर्ची मागे झुकली आणि सुई दिसली की हाच लोहपुरुष हिचा हात असा आवळायचा की बांगड्यांचे वळ उठायचे. एकदा तर नुसतं यंत्र सुरू झाल्याच्या आवाजाने त्यांनी डोळ्यांतून पाणी काढलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "साहेब, अजून मी लांब आहे." बाहेर बसलेल्या पेशंटांना ते जाताना सांगून गेले, "काही कळलंसुद्धा नाही."

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण ससेभाऊंना एक मुलगी होती, आणि मुलगी धावायची.

बापाने शिकवलं नव्हतं. शाळेत जायला उशीर होतो म्हणून धावायला लागली आणि मग उशीर होत नसतानाही धावायला लागली. लांब पाय, बारीक मान, तोंडाने मात्र आईवर गेलेली. विक्रमवीरांनाही एक मुलगी होती, बरोबरीची. ती धावायची की नाही हे तिला कोणी विचारलंच नव्हतं. ती धावणार हे तिच्या बारशालाच ठरलं होतं. क्लबात तिला राजकन्या म्हणत. विक्रमवीरांची इच्छा अशी की पुरुषांचा विक्रम बापाच्या नावावर आणि मुलींचा लेकीच्या नावावर, दोन्ही एकाच छताखाली. त्यासाठी गौरव दालनात काचेचं दुसरं कपाटही करून घेतलं होतं. आतला दिवा लागत होता, लेकीच्या नावाची पितळी पट्टी बसवून झाली होती. तेवढा विक्रम व्हायचा बाकी होता. बाजारात तुरी, तसं इथे कपाटात पट्टी.

आता राजकन्येला ससा हवा. तो शोधायला लांब जायची गरज नव्हती.

"ससेभाऊ, पोरगी द्या," विक्रमवीर म्हणाले, आणि ससेभाऊंनी दिली. घरी येऊन सांगितलं तेव्हा ससेवहिनींच्या हातातलं लाटणं तसंच राहिलं.

"काय म्हणालात त्यांना?"

"म्हणालो, तसं काही नाही, पण..."

"म्हणजे हो म्हणालात."

"यंदाचा हंगाम फक्त. पुढच्या वर्षी तिची स्वतःची शर्यत. शब्द दिलाय त्यांनी."

"हा शब्द मी ओळखते हो. तुमच्याकडे पोत्याने पडलाय. आता पोरीला आंदण देताय?"

ससेभाऊंनी पाऊण कप चहा प्यायला आणि रेघा मारायला गेले.

ससेवहिनींची काळजी वेगळीच होती. हंगाम संपता संपता निवडीचं शिबिर भरायचं. ज्या मुलींनी त्या हंगामात एखादी मान्य शर्यत पुरी करून ठरलेल्या वेळात रेघ ओलांडली असेल, त्यांनाच तिथे बोलावणं. शिबिरातून पुढे वसतिगृह, शिक्षण, चांगले मार्गदर्शक. पण अर्ध्यावर बाजूला झालेल्या मुलीची वेळ कोणी लिहीत नाही. वेगाने धावली तरी कागदावर ती धावलीच नाही. आणि वयाच्या अटीत पोरगी शेवटच्या वर्षाला होती. तिच्यापुरतं 'पुढचं वर्ष' नावाची गोष्टच शिल्लक नव्हती.

"मग तू नाही म्हण," आईने पोरीला सांगितलं.

पोरगी बुटाची नाडी बांधत होती. "बाबांनी शब्द दिलाय ना. मी नाही म्हटलं तर ते उद्या त्या माणसासमोर कसे उभे राहतील? आधीच वाकून उभे असतात."

"मग आणखी थोडे वाकतील. सवय आहे."

"आई!"

"बरं, नाही बोलत."

पण बोलायची ती बोललीच. विक्रमवीरांच्या दाढेला टोपी बसवायची होती तेव्हा मदतनीस रजेवर होती, आणि ट्रे धरायला ससेवहिनी उभ्या होत्या. विक्रमवीरांच्या तोंडात कापूस, जिभेखाली नळी. इतका चांगला योग पुन्हा येणार नव्हता.

"भाऊ," ती म्हणाली, "पोरीचं नाव ससा म्हणून न देता खरीखुरी स्पर्धक म्हणून द्या. तीही पळेल, तुमचीही पळेल. जी पुढे जाईल ती जाईल."

"अं! अं अं अं!"

"हो म्हणताहेत वाटतं," डॉक्टरीणबाई नळी धरून म्हणाल्या.

विक्रमवीरांनी चूळ भरली, रुमालाने ओठ टिपले आणि मायेने हसले. ते हसणं भाषणातलंच होतं. "वहिनी, तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हाला कळेल. विजेता जन्माला यावा लागतो. ससाही जन्माला यावा लागतो. दोन्ही रक्तात असतं. माझ्या लेकीला माझा वारसा, तुमच्या लेकीला ससेभाऊंचा. त्यात कमीपणा कसला? जपा तो."

ससेवहिनींनी ट्रे खाली ठेवला. "शेजारची दाढही किडलीय तुमची," ती म्हणाली. "वारसा जपल्यासारखी जपलीत ना, म्हणून. मुळापासून काढावी लागेल. तारीख लिहून ठेवते."

सराव सुरू झाला. विक्रमवीरांची शिकवणी बघायला लोक कुंपणाला चिकटून उभे राहायचे. त्यांचा मंत्र एकच होता, आणि तो ते कर्ण्यातून ओरडायचे, "पाठ बघ! समोरची पाठ! पाठीशिवाय जगात काही नाही!" राजकन्या पोरीच्या पाठीवर डोळे लावून पळायची. पंधराशे मीटरची शर्यत पावणेचार फेऱ्यांची. पण विक्रमवीरांचं मत असं की सरावात पुरं अंतर कधी धावू नये, शेवटचा जोर शर्यतीसाठी राखून ठेवावा. तेव्हा पोरगी अडीच फेऱ्यांनंतर दुसऱ्या वळणावर आत हिरवळीवर उतरायची, नळाशी जायची. तिच्या मागोमाग राजकन्याही उतरायची. दोघी पाणी प्यायच्या, तोंडं धुवायच्या, कोणीतरी काहीतरी विनोद करायची, खिदळायच्या. रोज हेच.

विक्रमवीर स्वतः तरुण असताना त्यांच्या म्हाताऱ्या मास्तरांनी त्यांना रोज पुऱ्या पावणेचार फेऱ्या पळवलं होतं, ओकेपर्यंत. पण त्या मास्तरांचा फोटो दालनात नाही. जागा नव्हती म्हणतात. दुधाच्या पेल्याला होती.

शर्यतीच्या सकाळी ससेभाऊंनी रेघा मारल्या. दुसऱ्या वळणावर, नळाच्या समोर, चुन्याची एक जाड खूण केली. ससा इथे बाहेर पडणार, अशी. विक्रमवीर शेजारी उभे राहून म्हणाले, "अगदी बरोबर. एक पाऊल इकडे तिकडे नको." स्पर्धा क्लबचीच होती आणि नियमही क्लबचे, म्हणजे विक्रमवीरांचे. सशाने खुणेआधी शर्यत सोडली तर तो दगा समजावा, शर्यत रद्द करून पुन्हा घ्यावी, आणि सशाला वर्षभर बंदी. हा नियम त्यांनी खास घालून घेतला होता, लेकीच्या विक्रमात काही अडू नये म्हणून.

लोक खचाखच भरले होते. लाउडस्पीकरवरचा माणूस शर्यत सुरू व्हायच्या आधीच इतिहास, सुवर्णाक्षरं, वाघाचा बछडा असे शब्द खर्च करून बसला होता. गौरव दालनातल्या नव्या कपाटावर मखमली कापड टाकून ठेवलं होतं, संध्याकाळी ओढायला. ससेवहिनी शेवटच्या रेघेजवळच्या बाकावर बसल्या. का बसल्या कोण जाणे. त्यांच्या माणसांपैकी कोणी तिथपर्यंत येणारच नव्हतं. ससेभाऊ नेहमीप्रमाणे नळाशी, टॉवेल घेऊन.

पोरगी मात्र अशी पळाली की आईने पदर तोंडात धरला. पहिली फेरी, दुसरी फेरी, घड्याळ लावल्यासारखी. मागे राजकन्या, सावलीसारखी चिकटलेली, डोळे पाठीवर. बाकीच्या मुली केव्हाच मागे पडल्या. लाउडस्पीकरवाला बेभान झाला. "विक्रम होणार! रसिकहो, विक्रम होणार!"

दुसरं वळण आलं. पोरीने खुणेवर पाय ठेवला, एक हात वर केला आणि आत हिरवळीवर उतरली. ठरल्याप्रमाणे, नियमाप्रमाणे, बापाप्रमाणे.

तिच्या मागोमाग राजकन्याही उतरली.

काही क्षण कोणाच्याच लक्षात आलं नाही. लाउडस्पीकरवाला "आता ती एकटी, समोर फक्त वारा" असं म्हणून गेला आणि मग त्याला दिसलं की वाऱ्यासमोर कोणीच नाही. विक्रमाच्या वेगाने धावणारी राजकन्या नळाशी वाकून ओंजळीने पाणी पीत होती. पोरगी तिच्याकडे बघत तशीच उभी राहिली.

"अगं, तू कुठे आलीस?"

"का? झालं ना?" राजकन्येने तोंड पुसत विचारलं.

आणि मग तिला मैदानाचा आवाज ऐकू आला. ती परत पळपट्टीकडे धावली, पण पंचाने झेंडा आडवा धरला. आपणहून बाहेर पडलेल्याला पुन्हा आत येता येत नाही. तिकडून मागे पडलेल्या मुलींचा घोळका हळूहळू येत होता. त्यातली एक जाडशी, मोठ्या बहिणीचा ढगळ बनियन घातलेली मुलगी, आपण पहिल्या आहोत हे तिला कोणी सांगितलं नसल्यामुळे, आरामात पळत जाऊन पहिली आली. लाउडस्पीकरवाल्याकडे तिचं नावही नव्हतं. त्याने गाणं लावलं.

विक्रमवीर गादीवरून उठून हिरवळीवर धावत आले. कित्येक वर्षांनी लोकांनी त्यांना धावताना पाहिलं, आणि पाहिलं नसतं तर बरं झालं असतं. त्यांच्या मागे क्लबचे पदाधिकारी, त्यांच्या मागे बघे. एवढ्या पायांखाली चुन्याची ती खूण पार पुसून गेली.

सामानघरात सगळे जमले. अडथळ्यांच्या चौकटी, चुन्याची पोती, एक टेबल. टेबलामागे पंचप्रमुख, एक निवृत्त मुख्याध्यापक. आयुष्यभर कोणालाही न दुखवता जगलेले, आणि आजही तसंच घरी जायची इच्छा असलेले. ससेवहिनी कोणी बोलावलं नसताना दारात येऊन उभ्या होत्या.

"दगा आहे हा," विक्रमवीर टेबलावर हात आपटत म्हणाले. "हिने खुणेच्या आधीच शर्यत सोडली. बरीच आधी! माझी मुलगी गोंधळली, म्हणून बाहेर आली. नियमाप्रमाणे शर्यत रद्द करा, आठवड्याने पुन्हा घ्या. आणि हिला बंदी."

"मी खुणेवरच उतरले," पोरगी म्हणाली. वर्षभर बंदी म्हणजे काय हे तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. हंगामातली शेवटची मान्य शर्यत महिन्याभरावर होती. ती गेली की सगळंच गेलं.

"बाबा, ती खरं सांगतेय," राजकन्या रडत म्हणाली. "रोज तिथेच तर थांबतो आम्ही."

"तू गप्प बस!"

पंचप्रमुखांनी चष्मा पुसला. खूण तर राहिली नव्हती. "ससेभाऊ, खूण तुम्ही केलीत. उतरली तेव्हा तुम्हीच नळाशी होतात. तुम्ही सांगाल ते धरू."

विक्रमवीर वळले, आणि क्षणात आवाज मऊ झाला. ससेभाऊंच्या खांद्यावर हात पडला. तोच हात, त्याच जागी. "सांगा ससेभाऊ. थोडी अलीकडे उतरली ना? लहान आहे, चूक होते. बंदी वर्षभराचीच. पुढच्या वर्षी मी स्वतः तिची शर्यत लावीन."

ससेभाऊंनी खाली बघितलं. घसा खाकरला. "तसं नाही..." ते म्हणाले.

दारातल्या बाईने डोळे मिटले. आता 'पण' येणार. पण, आणि मग काही नाही. मग मागून येणारे त्यांच्या सोयीने वाक्य पुरं करणार, आणि मुलगी घरी येऊन आयुष्यभर पाऊण कप चहा पिणार.

"तसं नाही," ससेभाऊ पुन्हा म्हणाले. "ती खुणेवर उतरली. सकाळी खूण केली तेव्हा तुम्ही शेजारी उभे होतात, बरोबर म्हणालात. तुमची मुलगी मागून आली, कारण तुम्ही तिला रोज तिथेच थांबवता. ह्यात दगा नाही. कोणाचाच नाही."

सगळे 'पण'ची वाट बघत राहिले. तो आलाच नाही. पंचप्रमुखांचं पेन कागदाच्या वर तसंच अडून राहिलं होतं, त्यांनाही विश्वास नव्हता की माणूस थांबलाय ते बोलणं संपलं म्हणून.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं," ससेभाऊ म्हणाले.

विक्रमवीरांचा हात खांद्यावरून निघाला. "ही नोकरी तुम्हाला कोणामुळे मिळाली, आठवतंय ना?"

ससेभाऊंनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून टेबलावर ठेवला. "दालनाची ती पितळी," ते म्हणाले. "कुलूप जरा उचलून धरावं लागतं."

घरी येताना ससेवहिनींना नवऱ्याला काहीतरी चांगलं म्हणायचं होतं. पण इतक्या वर्षांच्या टोमण्यांनी जिभेला तशी वळणं उरली नव्हती. शेवटी ती म्हणाली, "घशाला कोरड पडली असेल. एवढं बोलायची सवय नाही तुम्हाला." एवढंच सुचलं.

शर्यत रद्द झाली नाही. ढगळ बनियनवालीला कप मिळाला. किल्ल्यांचं म्हणाल तर त्या दोन दिवसांनी क्लबचा शिपाई घरी परत आणून देऊन गेला. ससेभाऊंच्या सत्यनिष्ठेचा गौरव वगैरे काही नव्हता त्यात. चुन्याची पोती उचलायला पदाधिकाऱ्यांपैकी कोणी तयार नव्हतं, एवढंच. विक्रमवीर भाषणात आता थोडा बदल करतात. "आजकालच्या सशांत ती निष्ठा राहिली नाही," असं म्हणतात, आणि लोक माना डोलावतात. काचेच्या नव्या कपाटातली पट्टी काढून तिथे विक्रमवीरांचाच दुसऱ्या पायातला बूट ठेवलाय. दाढ काढायला मात्र ते आता दुसऱ्या दवाखान्यात जातात. तिथेही ओरडतच असणार.

महिन्याभराने शेवटची मान्य शर्यत झाली, त्याच मैदानावर. यादीत पोरीचं नाव होतं, पुढे 'ससा' अशी खूण नसलेलं. ससेभाऊंनी रेघा मारल्या, हात धुतले, टॉवेल घेतला आणि जाऊन नळाशी उभे राहिले. ससेवहिनी बाकावरून उठून ताडताड त्यांच्याकडे गेल्या.

"इथे काय करताय?"

"ती येईल ना..."

"ती इथे येणार नाहीये! शर्यत तिकडे संपते. चला."

हाताला धरून नेलं तेव्हा ससेभाऊ रेघेशी अवघडून उभे राहिले, परक्या घरी आल्यासारखे. इथून शर्यत कशी दिसते हे त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. पोरगी पहिल्यापासून पुढे होती. तिला दुसरं काही येतच नव्हतं. दुसऱ्या वळणावर नळ आला तेव्हा तिचा खांदा आत झुकला, स्पष्ट झुकला, आणि आईने पुन्हा पदर तोंडात धरला. मग ती सरळ झाली. शेवटच्या फेरीत एकीने तिला गाठलं, मग आणखी एकीने, मग तिसरीने. शेवटचा जोर कुठून आणायचा असतो हे तिला अजून कोणी शिकवलं नव्हतं. ती चौथी आली. पण घड्याळाने तिची वेळ लिहिली, आणि ती शिबिराला पुरली.

रेघेपलीकडे गेल्यावरही पोरगी थांबेना. तशीच डगमगत पुढे चालली होती. ससेभाऊ टॉवेल घेऊन मागे धावले. धावता धावता पांढरी रेघ ओलांडली, आणि त्यांच्या लक्षातही आलं नाही.

"बस गं, बस," ते म्हणाले, आणि मग गोंधळून बायकोकडे बघितलं. "आता पुढे काय करायचं असतं?"

पोरगी गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होती. मान वर न करताच म्हणाली, "आता काही नाही करायचं, बाबा. संपली."

त्या संध्याकाळी घरी चहा झाला. ससेवहिनींनी रिकामे कप गोळा केले. नवऱ्याच्या कपात पाव कप तसाच होता. तिने तो मोरीत ओतला आणि निळ्या भिंतीकडे बघत म्हणाली, "भिंतीचं काय करताय मग?"

"करतो की," आतून ससेभाऊ म्हणाले, "उद्याच करतो, पण..."